मर्व्हने सगळ्यांना एकदम उठवलं

बर्नी गावच्या कागद गिरणीतून निवृत्त झालेल्या मर्व्हला वाट पाहणं जमत नसे. त्यातही स्वतःच्याच जुन्या कॉम्प्युटरची. बटण दाबायचं, किटली चढवायची, चहा प्यायचा, कप विसळायचा, तेव्हा कुठे ते धूड डोळे उघडायचं.

शनिवारी त्याने कुठंसं वाचलं, की कॉम्प्युटर सुरू होताना आतल्या सर्व्हिसा, म्हणजे कॅमेरा, आवाज, चित्र सांभाळणारे छोटे प्रोग्रॅम, एकामागून एक उठतात. त्यांना एकदम उठवलं तर वेळ वाचतो. झालं. मर्व्हने सगळी रांगच मोडून टाकली. (कोण कोणावाचून अडतं ते आधी बघा, असंही पुढे लिहिलं होतं. पण तिथवर वाचायला धीर हवा.)

"उद्या व्याही भेटायचे, आणि आजच तुला यात हात घालायचाय?" त्याची बायको ग्लेनिस म्हणाली.

"उद्यासाठीच तर. त्यांच्यासमोर चहाच्या कपाएवढं थांबायचं?"

मुलगी ब्रॉनी अ‍ॅडलेडला होती. तिचं फ्लेचरशी ठरलं होतं, आणि रविवारी जेवायच्या आधी ती त्याच्या आईवडिलांना घेऊन व्हिडिओ कॉलवर बसणार होती. इकडून कॉम्प्युटरने सुरू झाल्याझाल्या आपणच कॉल जोडायचा आणि टीव्हीवर दाखवायचा, अशी मर्व्हची व्यवस्था होती.

रविवारी मर्व्हने इस्त्रीचा शर्ट घातला, टाय बांधला. खाली मात्र पट्ट्यापट्ट्यांची झोपायची चड्डीच होती. टेबलामुळे कोणाला दिसणार? त्याने बटण दाबलं. टीव्ही काळाच राहिला.

"हा तर पहिल्यापेक्षा हळू आहे," ग्लेनिस म्हणाली.

"उठतायत आत. सगळे एकदम उठतायत."

टीव्ही काळा तो काळाच. वेळ काढायला ग्लेनिसने विचारलं, "त्यांनी पाठवलेल्या वाईनचं विचारलं तर काय सांगशील?"

"अप्रतिम म्हणेन. खरं सांगायचं तर एक घोट घेतला आणि उरलेली फाटकाच्या कडीवर ओतली. इतक्या वर्षांचा गंज निघाला बघ."

"आणि फ्लेचरशी नीट बोल."

"बोलेन की. पोरगा चांगलाय. पण तो आधीचा होडीवाला काय झकास होता."

"मर्व्ह, त्याचं नाव आज काढू नकोस."

"ऐकतंय कोण?" असं म्हणत मर्व्ह उठला, टीव्हीमागची वायर हलवायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

तेवढ्यात टीव्ही उजळला. ब्रॉनीने कपाळाला हात लावला होता. फ्लेचर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. विहीणबाईंच्या तोंडावर रुमाल होता, आणि व्याही क्लेम छताकडे पाहत होते.

"तुम्हाला कधीपासून दिसतंय?" मर्व्हने सरळ होत विचारलं.

"गंजाच्या आधीपासून, बाबा," ब्रॉनी म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता. "आम्ही हाका मारत होतो."

कॅमेरा आणि माईक टुणकन उठून बसले होते. चित्र आणि स्पीकर अजून आळोखेपिळोखे देत होते.  मर्व्हने टेबलावरची चादर ओढून मांडीवर घेतली. त्यावरची फुलदाणी पडली, तिकडे कोणी पाहिलं नाही.

"फ्लेचर," तो खालमानेने म्हणाला, "मला त्याची होडी आवडायची रे. तो नव्हे. पण बोललो ते वाईटच बोललो. माफ कर."

फ्लेचरने वर पाहिलं. "माझ्याकडे होडी नाहीये, मर्व्ह."

"नसू दे."

"तुमच्या कॉम्प्युटरची डिस्क जुनी, फिरणारी आहे का?" फ्लेचरने हळूच विचारलं. "मग एकदम उठवून फारसा वेळ वाचत नाही. सगळे तिच्याच दाराशी येऊन धक्काबुक्की करतात. नवी बसवली तर फरक पडेल. येताना मी घेऊन येतो."

या चांगुलपणाने मर्व्ह आणखीच खचला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ब्रॉनीने मात्र डोळे पुसले आणि फ्लेचरच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"क्लेम, तुमच्या वाईनबद्दल..." मर्व्हने घसा खाकरला.

"ती वाईन नव्हती," क्लेम संकोचून म्हणाले. "आमच्या मळ्यातल्या द्राक्षांचा व्हिनेगर होता तो. सॅलडवर घालायला. बाटलीवर लिहिलंय तसं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बाटली मिळाल्याबरोबर तुम्ही फोन करून तिच्या सुगंधाची एवढी तारीफ केलीत, मर्व्ह. मध्ये तोडणं बरं दिसेना."