म्हात्रेकाकांनी पास केलेलं घड्याळ

आमच्या म्हात्रेकाकांच्या खिशात पाकीट नसतं, अर्धा किलोचं वजन असतं. लोखंडी, षट्कोनी, सरकारी शिक्का मारलेलं. भाजीवाल्यासमोर उभे राहिले की आधी ते वजन त्याच्या काट्यावर ठेवतात. काट्याने मुकाट्याने अर्धा किलो दाखवला, तरच वांग्यांना हात लावतात. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण ते निवृत्त झालेत हे त्यांना अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पॅन्टचा उजवा खिसा कायम लोंबलेला असतो आणि माणूस चालताना जरा उजवीकडे कललेला असतो.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. नवीन पनवेलला राहायला आले त्या आठवड्यात माझ्या मुलाला ताप आला. खाली थर्मामीटर मागायला गेले, तर काका तीन घेऊन वर आले! म्हणाले, "मॅडम, एकट्या थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा नसतो. पडताळणी हवी." मग तिन्ही थर्मामीटर आळीपाळीने पोराच्या काखेत. तिघांचं एकमत होईपर्यंत ताप बिचारा कंटाळून उतरला.

पडताळणी हा त्यांचा लाडका शब्द. नवा मिक्सर आला, पडताळणी. नवा जावई आला, त्याचीही झाली म्हणे. जावई अजून सासुरवाडीला यायचं म्हटलं की विषय बदलतो.

अशा माणसाच्या घरात जीपीएसचं घड्याळ यायचं होतं. तेही काकूंसाठी!

काकू उरणजवळच्या मोरा बंदराच्या. माहेर धक्क्यालगतच, त्यामुळे आवाज लाँचच्या भोंग्यावर मात करेल असा. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, दवाखान्यात राहावं लागलं, घरी आल्या त्या जरा खचूनच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून त्या माझ्याबरोबर सकाळी निघायला लागल्या. मी वजन कमी करण्यासाठी पळते. म्हणजे पळते असं मी म्हणते. महिन्याभरात काकू माझ्या पुढे निघून गेल्या, आणि वर्षभरात म्हणाल्या, "पनवेलला दहा किलोमीटरची शर्यत हाय नं, मी उतरनार."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. डॉक्टर मात्र हो म्हणाले. एकच अट घातली, की हृदयाचे ठोके अमुक एका आकड्याच्या वर जाता कामा नयेत. वर गेले तर थांबायचं, चालायचं, खाली आले की पुन्हा पळायचं. ठोके मोजणारं घड्याळ मिळतं, ते मनगटावर बांधा म्हणाले. म्हणजे आता काकूंचा जीव त्या घड्याळाच्या भरवशावर. आणि काकांनी तर घरातल्या भिंतीवरच्या घड्याळावरही कधी भरवसा ठेवला नव्हता.

झालं! चौकशी सुरू झाली. इंटरनेटवर लोकांनी घड्याळांबद्दल जे जे वाईट लिहिलं होतं ते सगळं काकांनी वाचलं. कुणाचा पट्टा तुटला, कुणाच्या घड्याळात पाणी शिरलं, कुणाची बॅटरी मधेच गेली, तर एका इसमाला घड्याळाने घरात सोफ्यावर बसलेला असताना नदीच्या पात्रात दाखवलं. काका रोज संध्याकाळी एकेक तक्रार घेऊन वर यायचे. "मॅडम, कॅनडात एकाचं घड्याळ बंद पडलंय." जसं काही कॅनडात त्यांचा चुलतभाऊच बंद पडला होता.

शेवटी जुन्या पनवेलच्या बाजारातल्या यासीनभाईंच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. यासीनभाईंनी कौतुकाने घड्याळ काढून काचेवर ठेवलं. काकांनी ते उलटं केलं.

"शिक्का कुठाय?"

"काका, ह्याला शिक्का नसतो. कंपनीची वॉरंटी आहे."

"वॉरंटी बंद पडल्यावरची. मी बंद पडण्याआधीचं विचारतोय. चालेल ना हे?"

"इन्शाअल्ला, चालेल."

"हे कुठल्या कलमाखाली येतं?"

यासीनभाई जराही न डगमगता वर बोट दाखवून म्हणाले, "सगळ्यात वरच्या." काकांनी वर पाहिलं, वर पंखा फिरत होता. काकूंनी तेवढ्यात घड्याळ मनगटावर बांधूनही टाकलं. यासीनभाई भला माणूस. म्हणाले, आठ दिवस वापरून बघा, नाही पटलं तर परत आणा.

त्या आठ दिवसांत त्या घड्याळाने जे सोसलं ते शत्रूवरही येऊ नये. बादलीत बुडवलं. फ्रिजमध्ये ठेवलं. इडलीपात्राजवळ वाफेत टांगलं. आणि मग काका म्हणाले, आता अंतर. विचुंब्याच्या बाजूला एक सरळसोट रस्ता आहे, तिथे ते पोलादी टेप घेऊन पोहोचले. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या, आणि काकू खडूने रस्त्यावर खुणा करताहेत.

आता, आमच्या भागात सकाळी सकाळी कुणी टेप घेऊन जमीन मोजायला लागलं की काय होतं, हे काकांना कळायला हवं होतं. पंधरा मिनिटांत माणसं जमली. टपरीवाल्याने टपरी दोन हात मागे सरकवली. एक म्हातारे गृहस्थ तरातरा पुढे आले.

"कसली मोजनी चाललेय? रस्ता रुंद करतान काय? आमचा किती जानार?"

"तुमचं काहीच जात नाही. मी घड्याळ मोजतोय," काका म्हणाले.

"टेपनी घड्याल मोजतान? आमाला येडा समजता काय?"

गर्दी वाढायला लागली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं, मी बँकेत नोकरी करते हो! काकांनी सवयीने खिशातून जुनं ओळखपत्र काढलं, तशी लोकांची खात्रीच पटली की मोजणी सरकारी आहे. शेवटी काकू पुढे झाल्या, मनगट वर केलं आणि भोंगा लावला. "अवो, मी धावनार हाय शर्यतीला! ह्ये घड्याल खोटा तर नाय ना सांगत, त्ये बघतान आमचे ह्ये! तुमची जमीन आमाला कशाला पायजे?" म्हातारबुवा काकूंकडे बघत राहिले, मग हसले. मला म्हणाले, "दे गो पोरी, मी धरतो ह्यो टोक." टेप माझ्या हातून सुटली ती त्यांच्याकडे गेली आणि पुढची मोजणी अख्ख्या गावाने मिळून केली.

घड्याळाचं आणि टेपचं अंतर काही जुळलं नाही. एकदा घड्याळाने थोडं जास्त दाखवलं, एकदा थोडं कमी. मला वाटलं, गेलं घड्याळ यासीनभाईंकडे परत. पण काका खुश!

"मॅडम, थोडी चूक प्रत्येक काट्यात असते. ती कधी इकडे, कधी तिकडे होत असेल तर काटा प्रामाणिक. दर वेळी एकाच बाजूला होत असेल, तर मालकाची नियत खोटी. हे पास." ठोक्यांचीही पडताळणी झाली. काकूंची नाडी हाताने मोजायची आणि घड्याळाशी ताडायची. तीही पास.

शर्यतीच्या दिवशी काका शेवटच्या रेषेजवळ उभे राहिले आणि मी काकूंबरोबर पळाले. दोनदा घड्याळाने पिपाणी वाजवली, दोनदा आम्ही शिस्तीत चालायला लागलो. त्यामुळे मागे पडलो. आमच्या मागे एक व्हॅन येत होती, वेळेत न पोचणाऱ्यांना उचलणारी. सात किलोमीटरची पाटी आली तशी व्हॅन शेजारी आली आणि आतला कार्यकर्ता म्हणाला, "मावशी, बसा आता. सातच झालेत. वेळेत नाही होणार."

आमच्या पुढेमागे पाचसहा बाया होत्या. दोघी हिरमुसून चढल्यासुद्धा. मीही चढणारच होते, खोटं कशाला सांगू.

काकूंनी मनगट बघितलं. "आठ झालेत."

"मावशी, पाटीवर सात आहे."

"मंग पाटी खोटी हाय! ह्या घड्यालाला आमच्या ह्यांनी पास केलाय. तुमच्या पाटीला कोनी केलाय?"

कार्यकर्ता खिडकीतून मान काढून पाटीकडे बघायला लागला. काकू पळायला लागल्या. मग मी. मग उरलेल्या सगळ्या जणी. व्हॅन थोडा वेळ रेंगाळली आणि कंटाळून पुढे निघून गेली. पुढचे दोन किलोमीटर कसेबसे पळून शेवटच्या वळणावरून वळलो तर समोर शेवटची कमान! तिच्यावरचं घड्याळ अजून चालू होतं, वेळ शिल्लक होती. पाटी लावणाऱ्याने ती किलोमीटरभर पुढे ठोकली होती, हे मागाहून आयोजकांनीच कबूल केलं. काकू दोन्ही हात वर करून कमानीखालून गेल्या आणि त्यांच्यामागे आमची वरात, ओरडत, हसत. मी आयुष्यात इतक्या मोठ्याने कधी ओरडले नव्हते.

काका दोरी ओलांडून धावत आले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी धावत आले. आल्या आल्या त्यांनी काकूंचं मनगट पकडलं. मला वाटलं, बघणार आता आकडे. पण त्यांनी घड्याळ सोडवून माझ्या हातात दिलं आणि नाडीवर स्वतःची बोटं ठेवली. पदक घेऊन आलेली मुलगी शेजारी ताटकळत उभी राहिली.

"किती हायत?" काकू धापा टाकत म्हणाल्या.

काकांची बोटं तशीच नाडीवर.

"अवो, किती?"

"मोजायचे राहिले," काका म्हणाले. "ती व्हॅन तुझ्याआधी आली गं. मी दार उघडून बघितलं. तू आत नव्हतीस. मला वाटलं... फार घाबरलो मी."

काकूंनी दुसरा हात काकांच्या हातावर ठेवला आणि मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाल्या, "मंग मोजा आता सावकाश. मी कुठं नाय जात."

काका मान खाली घालून मोजत राहिले. माझ्या हातातलं घड्याळ तसंच चालू होतं. ते थांबवायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.