बाप्तिस्म्याचा हौद

रविवारी सकाळी पास्टर गॅरिक यांनी व्यासपीठाखालच्या फळ्या उचलल्या आणि खाली वाकून पाहिलं. शुक्रवारी टँकरवाल्याच्या हातापाया पडून छातीपर्यंत भरून घेतलेल्या हौदात पाणी जेमतेम वीतभर उरलं होतं.

जमैकाच्या त्या डोंगरी गावात नळ कोरडे पडून बावीस दिवस झाले होते आणि चर्चला कुलूप लावायची पद्धत नव्हती. पाणी कुठे गेलं हे सांगायला ज्योतिषी नको होता.

एरवी पास्टरनी बाप्तिस्मा सरळ पुढे ढकलला असता. पण आज हौदात उतरणार होता एकोणऐंशी वर्षांचा थिओफिलस. त्याची बायको आयसिल्डा चाळीस वर्षं त्याच्यासाठी प्रार्थना करत होती आणि तो चाळीस वर्षं "यंदाचं आल्याचं पीक निघू दे, मग बघू," म्हणत होता. आत्ता कुठे कसाबसा तयार झाला होता. आज निसटला तर पुन्हा हाती लागणं कठीण.

"नुसतं डोक्यावर शिंपडलं तर?" पास्टरनी हळूच विचारून पाहिलं.

चर्चचा कारभार बघणारे डीकन ऑब्री निवृत्त हेडमास्तर होते आणि अजून तसेच बघायचे. "शिंपडायला तो काय कोबीचा वाफा आहे? आपण बॅप्टिस्ट आहोत. माणूस अख्खा बुडाला पाहिजे."

"आडवा झोपवला तर?"

"एकच बाजू भिजेल. मग काय, तव्यावरच्या माशासारखा उलटायचा?"

तोवर चर्च भरलं. पांढरा झगा घालून थिओफिलस पहिल्या बाकावर बसला होता, शेजारी त्याचा हात घट्ट धरून आयसिल्डा. पास्टर उभे राहिले. "पाणी ज्यांनी नेलं त्यांना देव क्षमा करो. मला फक्त ते परत हवंय."

सगळ्यांत आधी उठली ती पास्टरचीच बायको. "एक बादली मी नेली. आजच्या जेवणाचा भात कशात शिजवणार होते? पन्नास पानं तुम्हीच सांगितलीत ना?"

मग एकेक जण उठू लागला. कुणी बाळाच्या दुपट्यांसाठी नेलं होतं, कुणी आजच्याच समारंभाचे कपडे धुवायला. मिस व्हर्ना तर हुंदके देत उठली. "मी केस धुतले हो. दोन बादल्या. माझ्या केसांपायी या म्हाताऱ्याचा आत्मा कोरडा राहणार."

डीकननी बेरीज केली. "चौदा बादल्या. गेल्यात निदान शंभर. बाकीचं कुणी नेलं?"

व्हर्ना आणखी मोठ्यानं रडू लागली, तेव्हा आयसिल्डानं उठून तिला जवळ घेतलं. "रडू नकोस गं. माझ्याच नशिबात नसेल." बोलता बोलता तिचेही डोळे भरून आले.

थिओफिलसला ते बघवेना. त्यानं घसा खाकरला.

"व्हर्ना, गप बस बघू. तुझ्या केसांचा काही दोष नाही. पाणी मी नेलं."

आयसिल्डा वळली. "तू?"

"काल तू बाजाराला गेलीस तेव्हा. सतरा खेपा केल्या. गाढव अजून माझ्याकडे बघत नाही. म्हटलं, हौदच रिकामा झाला तर हे मला बुडवतात कशात?"

"आणि ते पाणी?"

"शेळ्यांच्या गोठ्यामागं, पिंपांत. झाकून ठेवलंय नीट."

"पाण्याची एवढी भीती?"

"पाण्याची कसली भीती." म्हातारा मान खाली घालून म्हणाला, "बुडवण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून आपलं पाप सांगायला लावतात. त्याची लाज वाटते गं."



"थिओफिलसभाऊ," पास्टर म्हणाले, "ते तर आत्ता झालं."

मग काय, रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत अख्खी मंडळी बादल्या घेऊन गोठ्याकडे निघाली. दुपारपर्यंत हौद कमरेच्या वर भरला. पास्टरनी थिओफिलसला मागे झुकवून अख्खं पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. तो खोकत, डोळे चोळत हसू लागला. लोकांनी गाणं धरलं.

आयसिल्डा हौदाच्या काठाशी आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज खणखणीत होता.

"पास्टर, आणखी एकदा बुडवा."

"सिस्टर, एकदा पुरे असतं."

"ते देवासाठी झालं. हे माझ्या चाळीस वर्षांसाठी."

पास्टरनी डीकनकडे पाहिलं. डीकन ऑब्री खिडकीतून बाहेर बघू लागले.