भाच्याचा गुडघा

हरेश्वर फुटबॉलची मॅच बघायला आमच्या घरी यायचा आणि घराच्या मागे जाऊन बसायचा. टीव्ही पुढच्या खोलीत आणि हा मागच्या भिंतीला पाठ लावून प्लास्टिकच्या खुर्चीत, दोन्ही कानांत बोटं. मॅच मी बघायची. मी, वय बाहत्तर, शिक्षण चौथी. दर दहा मिनिटांनी मागच्या दारात जाऊन उभी राहायची. तो कानातली बोटं न काढता म्हणायचा, "काकी, सांगू नका काही. फक्त तोंड दाखवा."

मी दाखवायची. गोल झाला, खाल्ला, कुणाला लागलं, सगळं तो माझ्या तोंडावरून ओळखायचा. एकदा मी गॅसवर दूध विसरले म्हणून घाबरून दारात आले, तर हा डोकं धरून बसला. दोन गोल खाल्ले असं त्याला वाटलं. मी दूध उतरवून परत येईपर्यंत बिचाऱ्याची मॅच हरून झाली होती.

आमच्या चिखल्याला हरेश्वरचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. आजूबाजूच्या चिकूवाडीतली कुठलीही मोटार जळली की त्याच्याकडे येते. वय साठीला आलं, लग्न केलं नाही, आई होती ती गेली. हात इतका हलका की केसासारखी तार गुंडाळतो, पण जीव सदाच टांगणीला. मोटार दुरुस्त करून दिली तरी दुसऱ्या दिवशी सायकल घेऊन बघायला जाणार, चालतेय ना. डावा पाय थोडा ओढतो. विचारलं तर म्हणतो, "जुनं आहे." त्याची आई मला एकदा बोलली होती. जवानीत हा तलासरीच्या मैदानात खेळायचा, वाऱ्यासारखा पळायचा म्हणे. एका मॅचमध्ये गुडघा गेला. संघाला दुसरीकडे पुढची मॅच होती, टेम्पो त्यांना घेऊन निघून गेला. हा एकटा एका पायावर उड्या मारत एस.टी.च्या थांब्यावर आला. घरी पोचला तेव्हा गुडघा भोपळ्याएवढा.

मग त्याच्या घरी टीव्ही नाही का? आहे. पण म्हणतो, "एकट्याने मॅच लावली तर तोंड कोण दाखवणार?" माझा मुलगा वापीला असतो, त्याने मला सगळे चॅनल घालून दिलेत. मला मालिका बघायच्या असतात, पण शनिवारची संध्याकाळ हरेश्वरची. खरं सांगू, मला पण बरं वाटायचं. घरात दोन कप चहा व्हायचा.

त्याचा संघ विलायतेतला, लाल कपड्यांचा. त्यात सतरा नंबरचा एक पोरगा होता. त्याचं नाव घ्यायला गेलं तर माझी कवळी हलते. हरेश्वरचा सगळा जीव त्या सतरा नंबरात. तीन वर्षांमागे त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हरेश्वर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी गावदेवीला गेला नवस बोलायला.

आता आमच्या गावदेवीचा नियम असा, की नवस घरच्या माणसासाठीच बोलायचा. परक्यासाठी बोललात तर देवी कानावर घेत नाही. पुजारी दामूबाबांनी विचारलं, "कोण लागतो तुझा?" हरेश्वर गडबडला आणि बोलून गेला, "भाचा."

याला बहीणच नाही हे सगळ्या गावाला ठाऊक. पण देवीसमोर उच्चारलेलं नातं खोडणार कोण? झालं, तो भाचा ठरला. दर चैत्रात एक नारळ, पोरगा पळतोय तोवर. वरोरची हिराबाई मासे घेऊन यायची ती पाटी उतरवायच्या आधी विचारायची, "काय रे हरेश्वर, भाच्याचा गुडघा काय म्हणतो?" एकदा तिने मुशी माशाच्या तेलाची बाटली आणून दिली. "पाठव त्याला. रोज रात्री चोळ म्हणावं." ती बाटली दुकानात गणपतीच्या फोटोशेजारी आहे अजून.

गुडघा बरा झाला. पोरगा पळायला लागला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याला विकला.

विकला हा शब्द हरेश्वरला सहन होईना. "काकी, माणूस कसा विकतात? बैल बघतात तसे दात बघत असतील?" मी म्हटलं, "अरे, त्याच्या मर्जीनेच गेला असेल, पैसे जास्त दिले असतील." तेच तर त्याला खुपत होतं. ज्यांच्याशी यांचं हाडवैर, त्याच निळ्या संघात गेला. टीव्हीवर हसत सांगत होता, इथे खेळायचं माझं लहानपणापासूनचं स्वप्न होतं. हरेश्वर म्हणाला, "लाल कपड्यांत आला तेव्हाही हेच बोलला होता. एका माणसाला लहानपणं असतात तरी किती?"

तेव्हापासून त्याचा चष्माच बदलला. आधी जे दिसत नव्हतं ते दिसायला लागलं. खेळाडूंच्या छातीवर जुगाराच्या कंपनीचं नाव. मैदानाचं जुनं नाव काढून तिथे कुठल्याशा विमान कंपनीचं. "शाळेचा गणवेशसुद्धा दरवर्षी बदलत नाहीत, काकी. हे बदलतात, आणि लोक रांग लावून घेतात." एकदा टीव्हीवर तिथला एक म्हातारा दाखवला. बापापासून त्याची मैदानात एकच जागा, आता तिकीट परवडत नाही म्हणून बाहेर रस्त्यावर उभा. मी दारात आले तर हरेश्वरने माझं तोंड बघून विचारलं, "कोण पडलं?" मी म्हटलं, "पडलं नाही कुणी." तो म्हणाला, "मग असं तोंड का?" मी चहा ठेवायला आत गेले.

आणि मग ती लाल-निळ्याची मॅच आली. सकाळपासून हरेश्वर तीनदा येऊन गेला. एकदा चिकू द्यायला, एकदा टीव्हीची वायर बघायला, एकदा नुसताच. त्याला एकच घोर होता. नवस गुडघ्यासाठी बोललाय, संघासाठी नाही. म्हणजे देवी आता कुणाच्या बाजूने?

देवी गुडघ्याच्या बाजूने होती. शेवटच्या मिनिटाला भाच्याने गोल मारला, आमच्यावरच. आणि गोल मारून गवतावर घसरत गेला, त्याच गुडघ्यावर, जुन्या संघाच्या लोकांपुढे कानामागे हात धरून, ओरडा आता म्हणून.

मी दारात गेले. या वेळी तोंड लपवायला पदर घेतला, तर हरेश्वर म्हणाला, "राहू द्या, काकी. कळलं." उठला, कप धुऊन ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी दुकानातलं लाल संघाचं कॅलेंडर उतरलं. कुणी भाच्याचं विचारलं तर म्हणायचा, "मला भाचा नाही." हिराबाई मला विचारायची, "मामा-भाच्याचं काय बिनसलं?"

त्यानंतर शनिवारी तो यायचा बंद झाला. रस्त्यात भेटला तर मोटारींचं बोलायचा, खाली बघून. मला काळजी लागून राहिली. अशी एकटी माणसं एक दिवस दार उघडत नाहीत आणि मग लोक म्हणतात, काल तर बरा होता. मी मालिका बघायच्या ठरवल्या, पण शनिवारी हात आपोआप फुटबॉललाच जायचा. निळ्यांचीच मॅच लावायची, भाच्याला कसं सोडणार? कप मात्र एकच. एक सांगायचं राहिलं. मागची खुर्ची रविवारी सकाळी हललेली दिसायची. मी समजायची, कुत्रा ओढतो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवेलागणीची वेळ. भाचा पळत होता, समोरून एक आडदांड आला आणि हा पडला. डावा गुडघा दोन्ही हातांनी धरून गवतावर लोळायला लागला. मी मोठ्याने बोलले, "अगो बाई, गुडघा गेला पोराचा."

पुढची पाच मिनिटं मी उभ्यानेच बघितलं. मग चप्पल घातली. भाच्याचं नाव त्याने टाकलं असेल, पण ही गोष्ट त्याला दुसऱ्याकडून कळायला नको, असं वाटलं. मागच्या दाराने निघाले. खुर्ची भिंतीला टेकलेली होती आणि खाली चिकूच्या साली, ओल्या. कुत्रा काही चिकू सोलून खात नाही.

म्हणजे इतके शनिवार हा इथेच बसत होता. कानात बोटं न घालता. आता दारात तोंड दाखवायला कोण येणार, म्हणून माझ्या आवाजावर मॅच ऐकत होता. आणि आज माझं तेवढंच वाक्य ऐकून गेला.

त्याच्या घराला कुलूप. दुकान बंद.  समुद्राकडच्या सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन आले, तिथेही नाही. मग लक्षात आलं.

गावदेवीपाशी दिवा लागला होता. हरेश्वर हातात नारळ घेऊन उभा, आणि दामूबाबा त्याला सांगत होते, "अरे, चैत्र लांब आहे अजून. आणि तूच म्हणत होतास ना, भाचा नाही म्हणून?"

"रागात बोललो, बाबा."

"तो तर त्या दुसऱ्या लोकांत गेला म्हणे."

"जाऊ दे की. कुठेही जाऊ दे. पळता आलं पाहिजे."  बोलता बोलता त्याला मी दिसले. त्याने नारळ छातीशी धरला. मग हळूच म्हणाला, "काकी, सांगू नका काही. तोंड दाखवा."

मला धाप लागली होती. पदराने घाम पुसला आणि दिव्याखाली जाऊन उभी राहिले. त्याने बराच वेळ बघितलं. मग पायरीवर बसला, नारळ मांडीवर ठेवला, डावा पाय लांब केला.

"उभा राहिला?"

"राहिला."

"एकटाच?"

"नाही रे," मी त्याच्या शेजारी बसत म्हटलं, "दोघं होते धरायला. पार बाहेरपर्यंत घेऊन गेले."

"मग ठीक," हरेश्वर म्हणाला, आणि स्वतःचा गुडघा तळहाताने हळूहळू चोळत राहिला.