एका हिरव्या पानाबाबत हरकती व सूचना

पवनार रस्त्यावरच्या आमच्या कॉफी संशोधन केंद्रात दिनांक अकरा मार्च रोजी सकाळी साडेदहा वाजता झाडाला एक हिरवं पान आल्याचं आढळून आलं. केंद्राच्या सात वर्षांच्या कारभारात असा प्रकार पूर्वी कधी घडला नव्हता. मी इथला कार्यालय अधीक्षक, प्रभाकरराव. लोक मला बडे बाबू म्हणतात. छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या टेबलावरून शेऱ्याशिवाय एक कागद पुढे सरकलेला नाही, आणि हे पान कुणाला न विचारता सरळ फांदीतून बाहेर आलं होतं. माझं डोकंच फिरलं.

वर्ध्यात कॉफी कुठून आली, असं तुम्ही आता विचारणार. सगळे पाहुणे विचारतात. आमचे संचालक डॉ. श्रीनिवास त्यांना शांतपणे सांगतात, "कूर्गात कॉफी येते. तिथलं झाड धडधाकट. धडधाकट झाडाला काय कमी आहे ते कसं कळणार? आपल्याकडे सगळंच कमी आहे." पाहुणे मान डोलावतात, कारण शेहेचाळीस अंशांत वाद घालायचं त्राण कुणाच्या अंगात नसतं. केंद्राचं पूर्ण नाव कॉफी वनस्पती शरीररचना व खनिज पोषण संशोधन केंद्र. ते फाटकावर मावलं नाही, म्हणून शेवटचे चार शब्द मागच्या भिंतीवर लिहिले आहेत.

सुरुवातीला बारा रोपं होती. त्यातली अकरा शरीररचना विभागाने नेली. मूळ आडवं कापलं, खोड उभं कापलं, पानांच्या चकत्या करून काचपट्टीवर ठेवल्या. पानाच्या मागे शिरांच्या बेचक्यात टाचणीच्या डोक्याएवढे खळगे असतात, हेसुद्धा त्यांनी मोजून नोंदवलं. अहवाल देखणा झाला. कॉफीच्या झाडात काय काय असतं ते सगळं त्यात आहे, फक्त झाडं उरली नाहीत. बारावं रोप पोषण विभागाचं म्हणून वाचलं. त्याच्यासाठी कूलर मंजूर झाला. कूलरचा वारा वाया जाऊ नये म्हणून संचालकसाहेबांचं टेबल त्याच्या समोर लावलं, आणि टेबलाला जागा हवी म्हणून रोप व्हरांड्यात गेलं.

या रोपावर रोशनी थूल पीएच.डी. करत होती. मुलगी अल्लीपूरची, रोज एसटीने येणारी, डब्यातली अर्धी पोळी आमच्या माळ्याला देणारी. रोपाची नवी पानं पिवळी निघत, शिरा तेवढ्या हिरव्या राहत. तिने माती तपासली, पान तपासलं आणि तिसऱ्या महिन्यातच कारण सांगितलं. मातीत लोह भरपूर आहे, पण चुनखडीमुळे ते मुळांना घेता येत नाही. मला ते लगेच पटलं. आमच्याकडेही सगळं मंजूर असतं, पोचत नाही एवढंच.

पुढे तिला एकच गोष्ट करायची होती. चमचाभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पाण्यात विरघळवून झाडाला द्यायचा, नवं पान हिरवं येतं का बघायचं, आणि एकाच झाडाच्या पिवळ्या नि हिरव्या पानांच्या चकत्या शेजारी शेजारी मांडायच्या. एवढं झालं की प्रबंध पुरा. शिष्यवृत्ती तीस जूनला संपणार होती. तोवर एक हिरवं पान मिळालं नाही, तर पोरीची चार वर्षं पाण्यात.

तिने रीतसर अर्ज केला. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"रोशनी, आपण पोषणाचा अभ्यास करतो. अभ्यास चालू असताना पोषण दिलं, तर मग अभ्यास कशाचा करायचा?"

"सर, झाड मरेल."

"मरू दे असं कोण म्हणतंय? वर विचारू."

वर म्हणजे नागपूरला. नागपूरने विचारलं, चमचा चहाचा की जेवणाचा? आम्ही कळवलं, चहाचा. त्यांनी विचारलं, केंद्र कॉफीचं असताना चहाचा चमचा का? त्यावर खुलासा पाठवला. मग झाडाचा मागील तीन वर्षांचा आहार तक्ता मागितला. तो कोरा होता, म्हणून कोरा असल्याचा दाखला मागितला. यात सव्वातीन वर्षं गेली. रोपाला नऊ पानं उरली होती, नऊही पिवळी.

आणि मग ते दहावं पान आलं. चकचकीत, पोपटी नव्हे, चांगलं गर्द हिरवं. रोशनी व्हरांड्यात फतकल मारून बसली आणि पानाला हात न लावता नुसती बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी तिला म्हटलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "सर, माझा प्रबंध आहे." मी म्हटलं, "याला मंजुरी कुठाय?"

साहेबांनी त्याच दुपारी चौकशी लावली. नागपूरहून सुनीती मॅडम आल्या. बाई कडक, चष्म्यावरून बघणाऱ्या. समोर आमचे भैयाजी उभे. भैयाजी म्हणजे केंद्राचे रोजंदारीवरचे माळी, पवनारचे, साठीला टेकलेले.

"झाडाला काय दिलंत?"

"ताक जी."

"ताक?"

"ताकात गंजलेले खिळे टाकून ठेवलेते आठ दिवस. माही माय लिंबाच्या झाडाले असंच देये. रोशनीताई सांगत होती ना, लोखंड पायजे म्हणून. मंग मी म्हटलं, नागपूरवरून कागद येईन तवा येईन, याले तर भूक आत्ता लागून राह्यली."

"कुणाच्या परवानगीने दिलंत?"

भैयाजींनी जरा विचार केला. "झाड तं काही नाई म्हटलं नाई."

मॅडमनी लिहून घेतलं, झाडाची संमती गृहीत. मग त्यांनी मला विचारलं, असं गृहीत धरता येतं का? मी नियमपुस्तक उघडून दाखवलं. गप्प राहणाऱ्याची संमती धरता येते, पण त्याला आधी लेखी सूचना द्यावी लागते. झाडाला सूचना दिल्याची पोच नव्हती. भैयाजी दोषी ठरले.

आता पानाचं काय करायचं? ते पुराव्याचं पान, फांदीवर ठेवता येत नव्हतं. उद्या वाढलं तर पुरावाच बदलला असता. पंचांसमक्ष ते देठापासून खुडून खाकी लिफाफ्यात घातलं, लाख लावली, सही घेतली. रोशनी धावत आली.

"मॅडम, ते मला द्या. दहा मिनिटं द्या. एक चकती कापते, परत देते. पान ताजं असतानाच कापावं लागतं."

"चौकशीतल्या वस्तूची मूळ प्रत देता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "रीतसर अर्ज कर, नक्कल मिळेल."

तिने अर्ज केला. मी सील उघडलं, पान झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं, छायाप्रत काढली, खरी प्रत म्हणून सही-शिक्का मारला आणि पुन्हा सील केलं. यात मी कुठेही दिरंगाई केली नाही. आमचं झेरॉक्स यंत्र काळंपांढरं आहे. शेजारी तुलनेसाठी पिवळ्या पानाचीही छायाप्रत दिली, दोन्ही अगदी सारख्या आल्या. रोशनीने त्या घेतल्या, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, खोटं कशाला सांगू?

चौकशी अहवालाचा निष्कर्ष असा होता की अनधिकृत ताकामुळे संशोधनाखालील वस्तूची स्थिती बिघडली आहे, म्हणजे सुधारली आहे. तरी झाड मूळ पिवळ्या स्थितीत आणावं. त्यासाठी मुळाशी पाव किलो चुनखडीची भुकटी घालून बोअरचं पाणी द्यावं. मात्र शासकीय मालमत्तेच्या स्थितीत बदल करायचा, म्हणून एक एप्रिलपासून तीस दिवस जनतेच्या हरकती मागवाव्यात. एक जरी लेखी हरकत आली, तरी कार्यवाही थांबवून सुनावणी घेणं बंधनकारक राहील.

हे शेवटचं कलम रोशनीने तीन वेळा वाचलं. "सर, म्हणजे एक पत्र आलं तरी झाड वाचेल?"

"वाचेल. शेंड्याला दुसरं पान फुटायला लागलंय, तेही येईल. पण तुझं पत्र चालणार नाही. तू केंद्राची आहेस."

"माहं चालंन?" भैयाजींनी विचारलं.

"तुम्ही तर दोषी."

"मंग कोणाचं चालते?"

"जनतेचं."

"जनतेले माहीत हाये काय?"

"पेपरात दिलंय की! पान सात, खालचा कोपरा." मी कात्रण दाखवलं. केंद्राचा पत्ता, पिनकोड, सगळं बरोबर छापलं होतं. जनतेच्या सोयीसाठी साधं पोस्टकार्डही चालेल, असं मी स्वतः त्यात घातलं होतं.

त्यानंतर भैयाजी रोज पोस्टमनच्या वेळेला माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहू लागले. "बडे बाबू, आलं काय कोनाचं?" मी म्हणायचो, नाही. "काल रविवार होता ना, म्हणून नसंन," असं स्वतःच म्हणत ते परत जायचे. झाडाजवळ बसून ओल्या फडक्याने पानं पुसायचे. रोशनी शेंड्याकडे बघत बसायची. ते दुसरं पान तांदळाच्या दाण्याएवढं झालं, मग गव्हाएवढं. ते हिरवंच होतं. विसाव्या दिवसापर्यंत मीही डाक आली की आधी पोस्टकार्डं चाळायला लागलो. एक पोस्टकार्ड आलं. मी ते घाईघाईने उलटलं. ते गॅस एजन्सीचं निघालं.

तीस एप्रिलला संध्याकाळी सहाला मुदत संपली. हरकती, निरंक.

दुसऱ्या दिवशी मी भैयाजींना भुकटीची पिशवी दिली. त्यांनी ती जमिनीवर ठेवली. "मी नाई टाकत जी. नोकरीवरून काढायचं तं काढा. तुमच्या हातानं टाका." मग मीच टाकली. कुणीतरी टाकायलाच हवी होती, आणि आदेशावर माझी सही होती. आठ मेपर्यंत झाड पूर्ववत पिवळं झालं. साहेबांनी समाधान व्यक्त केलं. पंधरा मेला ते वाळलं.

झाड नाही म्हणून माळी नको, असं ठरून भैयाजींना कमी करण्यात आलं. रोशनी तीस जूनपर्यंत रोज येत होती, रिकाम्या कुंडीशेजारी बसून टिपणं लावत होती. आता ती हिंगणघाटच्या एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवते. पानांची रचना फार छान शिकवते म्हणतात. साहेबांना मात्र पुढचा टप्पा मंजूर झाला, झाडाविना पोषण. कूलर तिथेच आहे.

अंतिम अहवाल मीच लिहिला. मृत्यूच्या जबाबदारीचा रकाना भरायचा होता. साहेबांचं नाव घालता येईना, कारण त्यांनी वर विचारलं होतं. नागपूरचं घालता येईना, त्यांनी जनतेला विचारलं होतं. माझं म्हणाल, तर मी फक्त आदेश पाळला. उरली जनता. तिला लेखी सूचना दिली होती, तिने उत्तर दिलं नाही, आणि छापल्याची पोच फाइलला आहे. तेव्हा त्या रकान्यात मी तुम्हाला लिहिलं आहे. तुमचा पत्ता माहीत नसल्याने वेगळी प्रत पाठवता आली नाही, म्हणून इथे कळवत आहे.

पुढच्या टप्प्याबाबत हरकती मागवणारी सूचना परवाच्या पेपरात आली आहे, पान सात, खालचा कोपरा. तो अंक तुमच्या घरी असेलच. काल पोह्यांची बशी ज्याच्यावर ठेवली होती, तोच.