वाघोबांच्या राज्यात ब्रीफिंग

मुलांनो, एका जंगलात बातमी ओरडून सांगायची पद्धत होती. वाघ निघाला की झाडावरची वानरीण, गोजराआत्या, 'खॅक खॅक' करायची. ते ऐकून हरणं पळायची. वाघोबा महाराज उपाशी राहायचे.

मग घुबडगुरुजी शहरात एका कचेरीच्या छपरावर राहून आले. येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आले. ब्रीफिंग.

"म्हणजे काय हो?" ठिपकी हरिणीनं विचारलं. तिचं पाडस नुकतंच हुंदडायला लागलं होतं.

"सगळ्यांना बसवून थोडक्यात माहिती देणं," गुरुजी म्हणाले. "मूळ शब्द लॅटिन. अर्थ, आखूड. पुढे इंग्रजांच्या वकिलांनी खटल्याच्या सारांशाला ते नाव दिलं. मग लढाईवर निघालेल्या वैमानिकांना..."

"आखूडच म्हणालात ना, गुरुजी?" गोजराआत्यानं मध्येच विचारलं.

वाघोबांना शब्द फार आवडला. "किती मागासलेले आपण," ते म्हणाले. "यापुढे ओरडणं बंद. बातमी संध्याकाळी तळ्यावर, ब्रीफिंगमध्ये सांगायची. अध्यक्ष मी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इंग्रजी शब्दाला नाही कोण म्हणणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी गोजराआत्याला गवतात पट्टे हलताना दिसले. पुढ्यातच ठिपकीचं पाडस उड्या मारत होतं. आत्यानं तोंड दाबून धरलं आणि गुरुजींची ढोली गाठली.

"गुरुजी, उठा. ब्रीफिंग आहे."

"केवढं?"

"वाघ आला."

"'आला' कशाला? वाघ म्हटलं की आलाच. आखूड कर. आणि संध्याकाळी सांग." गुरुजींनी डोळे मिटले.

आत्यानं खाली पाहिलं. पट्टे पाडसाच्या अगदी जवळ पोचले होते. तिला काही लॅटिन आठवेना. ती जीव खाऊन ओरडली, ओरडतच राहिली. पाडस उधळलं आणि आईच्या मागोमाग दिसेनासं झालं.

संध्याकाळी ब्रीफिंग भरलं. अध्यक्ष तळ्याच्या या काठाला, बाकी सगळे त्या काठाला.

"बातमी आधीच कोणी फोडली?" वाघोबांनी विचारलं. त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. त्या कावळ्यांना मात्र ओरडायला परवानगी लागत नव्हती.

ठिपकी पुढे झाली.

"गोजराआत्यानं, महाराज. आणि केवढं ते लांबण. गुरुजींनी अर्थ एवढा समजावून दिला होता. एका 'खॅक'मध्ये भागलं असतं."

"अगदी बरोबर," गुरुजी म्हणाले.

"चुकलं गं बाई," गोजराआत्या म्हणाली. ठिपकीच्या पोटाशी पाडस चुटूचुटू दूध पीत होतं. आत्या ते बघत बसली.

तात्पर्य: कोणाचा जीव वाचवायचा असेल तर नीट, नियमात राहून वाचवावा. मेलेले तक्रार करत नाहीत. वाचलेले करतात.