नथ्थूभाऊंचे सात बाजार

नथ्थूभाऊ तुमच्याशी समोर उभं राहून कधी बोलणार नाहीत. ते तुमच्या डाव्या खांद्यामागे येतात आणि कुजबुजतात. बोलताना तुम्ही जरा अडलात की पुढचा शब्द मागून हजर. किराणा दुकानात मी "अर्धा किलो..." म्हणून आठवत उभा राहतो, तर मागून आवाज येतो, "तूरडाळ." मला साखर हवी असते, पण तोवर दुकानदाराने डाळ जोखलेली असते.

त्यांनी उभा जन्म वडशाच्या एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टिंग केलं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हिवाळाभर गावोगाव नाटकं होतात, आणि नटाला वाक्य आठवलं नाही की विंगेतून ते पुरवायचं, हे त्यांचं काम. "अर्धंच द्याचं," हा त्यांचा सिद्धांत. "पुरं देल्लं तं नट आळशी होते."

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहुणे म्हणून आलेले एक पुढारी भाषण करत होते. "मी या गावासाठी..." म्हणून ते थांबले. पडद्याआडून आवाज आला, "काहीच केलं नाई." पाहुण्यांनी त्याच जोशात ते म्हणूनही टाकलं. टाळ्या अशा पडल्या की पुढचं भाषण कुणाला ऐकूच आलं नाही. नथ्थूभाऊंना मी जाब विचारला तर म्हणाले, "मले वाटलं, हेच वाक्य अडलं असन."

मी त्यांचा शेजारी आणि त्या शाळेतला मास्तर. पंधराएक वर्षांपूर्वी मी घरी संगणक घेतला, आणि नजर अधू झाली म्हणून नथ्थूभाऊ मंडळीतून घरी बसले, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. मीच हौसेने त्यांना ब्लॉग काढून दिला. ते त्यावर अक्षरं मोठी करून नटांच्या फजित्या लिहू लागले. पहिल्या महिन्यात अकरा वाचक आले, त्यात नऊ वेळा मीच होतो.

मग मी आणखी शहाणपणा केला. सोशल बुकमार्किंगच्या साईट असतात, असं त्यांना सांगितलं. म्हणजे आपल्याला आवडलेल्या पानाची खूण तिथे ठेवायची, चार ओळी लिहायच्या. ती खूण बघून जगातले लोक त्या पानावर येतात.

"म्हंजे बजार," नथ्थूभाऊ म्हणाले.

मी म्हटलं, तसंच काहीसं. इथेच चुकलो. मी सात साईटवर त्यांची खाती काढून दिली होती, आणि ब्लॉगची खूण सातही ठिकाणी एकदम टाकता येत होती. पण बाजार काय सगळ्या गावांत एकाच दिवशी भरतो का? नथ्थूभाऊंनी एकेका साईटला एकेक वार नेमून दिला. सोमवारची साईट मंगळवारी उघडायला ते साफ नकार देत. "आज थ्या गावात कोनी नसन, मास्तर." खूण टाकली की धुतलेला सदरा घालून अर्धा तास माझ्या संगणकासमोर बसून राहायचे. दुकान मांडून निघून जाणारा माणूस त्यांना पसंत नव्हता.

बाजारात गेल्यावर दुसऱ्याच्या दुकानाचंही कौतुक करावं लागतं. कुठल्याशा परदेशी बाईने कुत्र्यांना आंघोळ घालण्यावरचा लेख टाकला होता. त्याखाली नथ्थूभाऊंनी मराठीत लिहिलं, "लय मस्त, बाई. आमच्या इकडं बी या." असं त्यांनी एका दिवसात चाळीस जणांना आवतण दिलं. गुरुवारच्या बाजाराने त्यांना हाकलून लावलं. मला वाटलं, आता उत्साह ओसरेल. तर म्हणाले, "नव्या मानसाले पयल्यांदा पाल ठोकू देतच नाईत." आणि दुसऱ्या नावाने पुन्हा जाऊन बसले.

वाचक मात्र यायला लागले. आपल्याला कळलेलं सगळं दुसऱ्याला पटवल्याशिवाय मास्तराला झोप येत नाही, त्यामुळे एका गोष्टीने मी हैराण होतो. खुणेखालच्या चार ओळींत लेखाबद्दल काही लिहायचं सोडून नथ्थूभाऊ सातही बाजारांत रोज तेच अर्धं वाक्य टाकत: "दार उघड बाई, मी रिकाम्या हातानं आलो, पण..."

"याच्यातून लोकांना काय कळणार? निदान पूर्ण तरी करा," मी म्हणायचो.

"अर्धंच द्याचं."

शेवटी मला राहवलं नाही. त्यांच्याकडे जुनी प्रॉम्प्टिंगची वही होती, ती एकदा चाळायला मागितली आणि ते वाक्य शोधून काढलं. मग परक्या नावाने बुधवारच्या बाजारात जाऊन त्यांच्या खुणेखाली लिहिलं, "...रिकाम्या मनानं आलो नाही." मोठं पुण्य केल्यासारखा चहा करून मी वाट बघत बसलो.

नथ्थूभाऊ आले. वाचलं. पहिल्यांदाच माझ्या समोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, हे तुमी लिवलं."

"कशावरून?"

"हे वहीतलं हाये. सुखदेव वहीतलं कदी म्हनतच नोता. म्या अर्धं देल्लं का तो म्हने, 'पण जेवून नाई आलो.' लोकं हासत आन मंग रडत."

सुखदेव हा त्यांच्या मंडळीचा नायक आणि नथ्थूभाऊंचा जिवलग. बारा हिवाळे दोघं एका ताटात जेवले होते. एकदा प्रयोगाला जाताना गाडीत सगळ्यांसमोर तो गमतीत बोलून गेला, "नथ्थू, तुले कोन पाह्यते? तू नसला तं काय अडते?"

"मले लागलं थे," नथ्थूभाऊ म्हणाले. "त्या प्रयोगाले तो याच वाक्याले अडला. विंगेकडं पाहून राह्यला. वही माह्या हातात उघडी होती, मास्तर. म्या तोंड नाई उघडलं. लोकायनं हुर्यो केला. तो रंग न पुसताच उतरला आन गेला. कोनी म्हनते हैदराबादले हाये, कोनी म्हनते सुरतेले. जिथी असन तिथी लोकं मोबाईल तं पाह्यतच असतीन."

एवढ्या दिवसांत त्यांच्यावर किती विनोद केले ते सगळे एकदम आठवले, आणि स्वतःची लाज वाटली. मी विचारलं, "मग सरळ माफी का नाही लिहीत, नथ्थूभाऊ?"

"माफी मंग मांगीन. पयले त्याचं वाक्य त्याले द्या लागते. थे माह्यं काम होतं."

त्या साईट पुढे एकेक करून बंद पडल्या. "बजार उठला," एवढंच ते म्हणत. आता फक्त बुधवारचा उरलाय, आणि तिथेही चिटपाखरू नसतं. दर बुधवारी धुतलेला सदरा घालून नथ्थूभाऊ माझ्याकडे येतात. आता त्यांना अक्षरं अजिबात दिसत नाहीत, म्हणून माझ्या डाव्या खांद्यामागे उभे राहतात आणि कुजबुजतात. मी टाईप करतो. दार उघड बाई, मी रिकाम्या हातानं आलो, पण...

तिथे मी मुद्दाम थोडा थांबतो. साखरेच्या जागी डाळ घ्यायला लावणारा हा माणूस, कुणाचं अडलेलं ज्याला बघवत नाही, तो त्या 'पण'पाशी मात्र माझ्यामागे नुसता उभा असतो. मागून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येतो.

मग म्हणतात, "टाका, मास्तर. बसू अर्धा घंटा."

आणि आम्ही बसतो.