काकूंची दुसरी शिट्टी

आमच्या शेजारच्या प्रमिलाकाकूंच्या गळ्यात सोन्याची चेन आहे आणि चेनला लॉकेट नाही, शिट्टी आहे! स्टीलची, खरीखुरी, पीटी टीचरवाली. शाळेतून रिटायर होऊन जमाना झाला, पण काकू अजून ड्यूटीवर. दुधाच्या लाइनीत कुणी घुसला की फुर्रर्र! "फाऊल! मागं हो बाप्पा!" माझ्या ताईच्या लग्नात नवरदेवाचे मामा केटररला वाट्टेल ते बोलत होते, तर काकूंनी भर मंडपात शिट्टी मारली. भटजींची मंगलाष्टकं अर्ध्यात अडकली. आई पंधरा दिवस शॉकमध्ये.

आणि शिट्टी मारली की काकू हमखास एकदा मागे वळून बघतात. का, माहीत नाही. मागे कुणीच नसतं. अख्ख्या कोलार रोडवर त्यांना बर्थडेलासुद्धा कुणी बोलवत नाही, न जाणो केक कापताना वाजवली तर!

आता माझं ऐका. मी ज्या रिसर्च प्रोजेक्टवर आहे ना, त्याला चक्क यासाठी फंड मिळालाय, की कुणी कुणाला छळत असेल तर बघणारे उठत का नाहीत, आणि त्यांना उठायला शिकवायचं कसं. म्हणून आम्ही एमपी नगरमध्ये, कोचिंगवाल्या पोरांच्या चहाच्या टपरीवर नाटक करायचो. टीममधला सौरभ गुंडा, निखिल बिचारा. सौरभ त्याची बॅग फेकणार, निखिल रडवेला होणार, मी लांबून बघणार. आठवडाभर एक माणूस उठला नाही, यार! सगळे मोबाइलमध्ये. प्रोजेक्टचे सर म्हणाले, "ऐसे में तो फंड की अगली किस्त भूल जाओ."

त्या दिवशी सौरभने बॅग फेकली आणि...

फुर्रर्र!!

माझ्या हातातला चहा सांडला. काकू! हातात भाजीची पिशवी, पिशवीतून मेथी बाहेर, आणि दुसऱ्या हातात सौरभचा कान.

"काऊन रे, लय ताकद आली का? उचल ती बॅग!"

"आंटी, सुनिए तो, एक्टिंग है..."

"अॅक्टिंग? मग उठाबशा पण काढून दाखव!"

आणि सौरभ काढायला लागला हो! मी धावत सुटले, काकूंचा हात धरला. "काकू, सोडा, रिसर्च आहे!"

काकूंनी कान सोडला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे पोराला रडवायचे पैसे भेटून राहिले?"

संध्याकाळी सॉरी म्हणायला गेले. काकू मेथी निवडत होत्या.

"सॉरी कशाला? शिट्टी मारली की मी मागं बघते ना. वाटते, कोणीतरी येईल. कोणी येत नाही." हात थांबले. "आज बघितलं, तर तू पळत येऊन राहिलीस. नाटक होतं ते मागून कळलं. पण तेवढ्यापुरतं वाटलं, आली बाप्पा एक."

मी त्यांना थांबवायला धावले होते. मी खाली बसून मेथीची एक जुडी पुढ्यात ओढली.

काकू उठल्या, कपाटातून काहीतरी आणून माझ्या हातावर ठेवलं. शिट्टी. प्लास्टिकमध्ये, अजून न फोडलेली. वर धूळ.

"कधीची घेऊन ठेवली आहे," म्हणाल्या. "कोणी आलंच, तर."